एजंट लिहिण्याआधी रेडिओकडे पाहा
यंत्र-ते-यंत्र संवादावर संशोधन सुरू करताना थेट सॉफ्टवेअर एजंटच्या, म्हणजे यंत्राच्या वतीने स्वतः निर्णय घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हुशारीकडे वळू नका. आधी मोबाईल नेटवर्कचे दार किती अरुंद आहे ते पाहा. एलटीईच्या (४जी नेटवर्कच्या) एका सेलमध्ये, म्हणजे मोबाईल टॉवरच्या एका क्षेत्रात, प्रवेशासाठी ६४ च प्रीअँबल (जोडणी मागताना यंत्राने पाठवायचे ठरावीक संकेत) असतात, त्यामुळे खंडित वीज परत येताच हजारो स्मार्ट वीजमीटर एकाच क्षणी जोडणी मागू लागले, की त्यांच्या विनंत्या एकमेकींवर आदळतात आणि पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नांनी गर्दी आणखीच वाढते. माझ्या पहिल्या सिम्युलेशनमध्ये मी सगळी यंत्रे समान अंतराने जागी केली होती. निकाल अर्थातच देखणे आले, आणि तितकेच निरुपयोगी. एजंटने माहिती जागेवरच चाळली तर भार हलका होतो, मात्र एजंटांच्या आपसातील वाटाघाटीही त्याच रेडिओवरून जातात आणि बॅटरी खातात, म्हणून त्या संदेशांचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा.