मातीखालचं : विल्टशरचे दगड आणि आपले

मागच्या महिन्यात एका उत्तरात ओघाने विल्टशरचं नाव आलं. इंग्लंडच्या दक्षिणेकडची ही काउंटी, आपल्या जिल्ह्यासारखीच. स्टोनहेंज, म्हणजे प्रचंड दगडांचं ते जुनं वर्तुळ, तिथलं. माझी लेक तिथल्या स्विंडनला राहते म्हणून माझं तिकडे जाणं झालं, हेही मी तेव्हा लिहिलं होतं. उत्खननांवर खापरांची चित्रं काढण्यात उमर गेलेल्या बाईने तिकडे काय पाहिलं, हे आता बऱ्याच जणांना ऐकायचंय. सगळी पत्रं घेता येणार नाहीत. स्टोनहेंज परग्रहावरच्यांनी बांधलं का असं विचारणाऱ्यांना एकदाच सांगते : नाही.

प्रश्न : आमचं वावर हिंगणा तालुक्यात. धुऱ्याला लागून मोठ्या धोंड्यांचं रिंगण आहे, मधात गोट्यांचा उंचवटा. आजोबा म्हणत, गवळ्यांचं आहे, हात लावू नका. मुलाने मोबाइलवर स्टोनहेंज दाखवलं आणि म्हणाला, बाबा, हे तर आपलंच. दोन्हीकडे एकच लोक होते का, ताई?

नाही, भाऊ. पण तुमच्या मुलाला जे वाटलं तेच दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज अधिकाऱ्यांनाही वाटलं होतं. निजामाच्या चाकरीतला मेडोज टेलर दख्खनची दगडी थडगी पाहून थेट ब्रिटनच्या प्राचीन ड्रुइड पुरोहितांपर्यंत पोचला. रिव्हेट-कार्नाक नावाच्या अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं उकरली. तिथल्या दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. तसेच ब्रिटनच्या दगडांवरही आहेत, हे त्याने आवर्जून लिहून ठेवलं. परमुलखात घरचं काही दिसलं की माणूस हरखतो. मलाही तिकडे आधी काटोल रोडवरची आपली वर्तुळंच आठवली.

काळ पाहिला की हे नातं टिकत नाही. स्टोनहेंजचा गोल खंदक इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा, मोठे दगड उभे राहिले ते २५०० च्या आसपास. आपली वर्तुळं त्यानंतर निदान दीड हजार वर्षांनी. तिकडच्यांकडे लोखंड नव्हतं. हरणाच्या शिंगांनी खणायचं आणि दगडाने दगड ठेचून घडवायचा, असा सगळा कारभार. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली आणि माहूरझरीला माणसांसोबत पुरलेले घोडे, लोखंडी लगाम आणि तांब्याच्या अलंकारांसकट. ड्रुइडांचा तर दोन्हीशी संबंध नाही. ते स्टोनहेंजनंतर दोनेक हजार वर्षांनी आले.

सारखं काय, तर मरण. स्टोनहेंजच्या पहिल्या काळात तिथे जाळलेल्या माणसांची हाडं पुरत होते. तुमच्या रिंगणाखालीही बहुधा कुणीतरी आहे. आणि जोडी लावायचीच तर स्टोनहेंजशी लावू नका. तिथले दगड घडवलेले आहेत : उभ्या दगडाच्या माथ्यावर उंचवटा, आडव्याला तेवढीच खाच, सुताराच्या चौकटीसारखी. तिथून तीसेक किलोमीटर उत्तरेला एव्हबरी नावाचं गाव आहे, तिथले दगड तुमच्यासारखे, जसे मिळाले तसे उभे केलेले. फक्त वर्तुळ ३३० मीटर रुंद. जगातलं सर्वांत मोठं दगडी वर्तुळ आणि त्याच्या आत अर्धं गाव वसलेलं, चहाचं हॉटेल, गुत्ता, रस्ता, सगळं. मेंढ्या त्या दगडांना अंग घासतात आणि कुणी त्यांना हाकलत नाही. हे मला फार आवडलं.

प्रश्न : स्टोनहेंजचे एवढे जड दगड आणले कुठून? (वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या सातवीतल्या मुली)

तीन ठिकाणांहून, मुलींनो. सर्वांत मोठे, सरासरी वीस-पंचवीस टनांचे, सारसेन (कठीण वालुकाश्म) दगड पंचवीसेक किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्स या रानातले. हे २०२० मध्ये दगडाच्या रासायनिक तपासणीतून कळलं. लहान, निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली डोंगरातले, दोनशे किलोमीटरहून जास्त. आणि मधला एक आडवा दगड तर थेट स्कॉटलंडच्या ईशान्येचा, सुमारे साडेसातशे किलोमीटरवरचा. हे २०२४ मध्ये उघड झालं आणि जाणकारही चाट पडले. ओढले कसे, यावर दोर, लाकडी घसरण आणि खूप माणसं इतपत सगळ्यांचं जमतं. पुढे भांडण आहे.

प्रश्न : काटोल तालुक्यात आमच्या शेजाऱ्याने असेच दगड जेसीबी लावून काढले आणि बांधाला टाकले. इंग्लंडमध्ये असं कुणी करू धजेल का? आपल्याच लोकांना किंमत नाही.

तुमचा राग रास्त आहे, पण शेवटचं वाक्य मला मान्य नाही. एव्हबरीच्या शेतकऱ्यांनी आपल्या शेजाऱ्यापेक्षा बरंच जास्त केलंय.

आधी मध्ययुगात त्यांनी बरेच दगड आडवे करून खड्ड्यांत पुरले. ते देवाधर्माच्या भीतीने, असं मानतात. मग सतराव्या-अठराव्या शतकात फोडायला सुरुवात केली. रीत अशी : दगडाखाली खड्डा खणायचा, त्यात गवताचा पेंढा पेटवायचा, दगड चांगला तापला की वरून थंड पाण्याची धार सोडायची आणि त्या ओळीवर घण घालायचा. वावर मोकळं झालं, घराला दगड मिळाला. विल्यम स्ट्यूकली नावाचा डॉक्टर १७२० च्या आसपास दरसाल तिथे जाऊन कुठला दगड कुठे होता याचे नकाशे काढत होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं. फोडणाऱ्यांतल्या टॉम रॉबिन्सनचं नावही त्याने लिहून ठेवलंय. बाहेरच्या वर्तुळात कधीकाळी शंभरेक दगड होते. आज तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींत त्यांचे तुकडे दिसतात.

वाचलं ते एका मुरंब्यामुळे. अलेक्झांडर कीलर हा संत्र्याच्या मार्मालेडचा वारस. (आपल्या काटोल-नरखेडची संत्री असा एखादा माणूस कधी देईल, कोण जाणे.) त्याने १९३० च्या दशकात जमिनी विकत घेतल्या, पुरलेले दगड शोधून उभे केले आणि जिथला दगड गेला तिथे सिमेंटचा खुंट रोवला. वर्तुळातली काही घरंही पाडली. गावकऱ्यांना ते किती गोड लागलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. १९३८ मध्ये एका पुरलेल्या दगडाखाली त्याला माणसाचा सांगाडा सापडला. सोबत कात्री, एक बारीक लोखंडी हत्यार आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची चांदीची नाणी. दगड पाडताना चिरडलेला न्हावी-वैदू, अशी कथा पसरली. हाडं नंतर पुन्हा तपासली तेव्हा चिरडल्याची खात्रीलायक खूण मिळाली नाही. आधीच मेलेल्याला तिथे पुरलं असावं. पण कथा काही मरत नाही. मला हॉटेलातल्या बाईने ती चिरडल्याचीच सांगितली.

तर शेजाऱ्याशी भांडू नका. दगड कुठे होते ते तो विसरायच्या आत त्याच्याकडून जागा विचारून घ्या, सातबाऱ्याचा गट क्रमांक, धुऱ्यापासून किती पावलं, कुठल्या दिशेला, आणि कागदावर काढा. स्ट्यूकलीच्या नकाशांमुळेच आज एव्हबरीत गेलेल्या दगडांची जागा सांगता येते. उरलेल्या वर्तुळांसाठी नागपूरला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, लेखी अर्ज द्या. संरक्षित जागा असेल तर शंभर मीटरच्या आत जेसीबी काय, नवी भिंतही चालत नाही.

प्रश्न : गावच्या गढीखाली सोन्याचे सात रांजण आहेत असं एक पायाळू माणूस सांगतो. रात्री कुणीतरी खड्डेही करून जातं. खरं असू शकतं का?

विल्टशरमध्ये सिल्बरी म्हणून माणसांनी रचलेली टेकडी आहे. तीस-चाळीस मीटर उंच, साडेचार हजार वर्षांपूर्वीची, त्या काळच्या अशा टेकड्यांत युरोपातली सर्वांत मोठी. तिच्या पोटात सिल नावाचा राजा सोन्याच्या घोड्यावर बसलाय, असं तिकडचे पायाळू सांगत. १७७६ मध्ये एका ड्यूकने खाणकामगार लावून माथ्यावरून सरळ खाली विहीर पाडली : काही नाही. १८४९ मध्ये बाजूने बोगदा मारला : काही नाही. १९६८ ते ७० मध्ये बीबीसीच्या कॅमेऱ्यांसमोर पुन्हा बोगदा : ना राजा, ना घोडा, ना माणसाचं एक हाड. उलट २००० साली माथ्यावर मोठं भगदाड पडलं, कारण जुनी विहीर नीट बुजवलीच नव्हती. २००७-०८ मध्ये आतल्या पोकळ्यांत खडू दाबून भरावा लागला तेव्हा टेकडी वाचली.

सापडलं ते वेगळंच. गाभ्यात साडेचार हजार वर्षं दबलेलं गवत आणि शेवाळ, आणि पंखवाल्या मुंग्या. त्या मुंग्यांना तिकडे ऑगस्टच्या सुमारास पंख फुटतात, त्यावरून काम तिकडच्या उन्हाळ्याच्या शेवटी सुरू झालं असा अंदाज बांधला. माझ्या लेखी हे सात रांजणांहून मोठं आहे, पण तुमच्या पायाळूला ते पटणार नाही.

तुमच्या गढीत खापरं, मणी, चुली, राख, कदाचित एखादं जुनं नाणं, एवढं नक्की असेल. रात्रीचे खड्डे ते सगळं घुसळून टाकतात, आणि घर सारवायला, शेतात टाकायला गावाने नेलेली पांढरी माती त्याहून जास्त. पोलीस पाटलाला सांगा. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार चालू असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, समुद्रपूर तालुका. गावाचा इतिहास लिहायचा म्हणतो. आमच्या शिवारात एक रिठी मौजा आहे, वस्ती नाही, फक्त मारोतीचा ओटा. पण मी काही पुरातत्त्ववाला नाही. जमेल का?

गुरुजी, विल्टशरच्या इतिहासाचा पाया विल्यम कनिंग्टन नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने घातला. हेट्सबरी गावचा. प्रकृती बरी नव्हती, डॉक्टरांनी सांगितलं घोड्यावर बसून मोकळ्या हवेत फिरा. फिरता फिरता थडग्यांच्या टेकड्या दिसू लागल्या. पैसा सर रिचर्ड कोल्ट होर या जमीनदाराचा, खणणारे पार्कर बापलेक, त्याच गावचे मजूर. १८०८ मध्ये बुश बॅरो या थडग्यात सोन्याचा चौकोनी पत्रा सापडला, त्यावर इतक्या बारीक रेघा की विल्टशरमधल्याच डिव्हायझेस गावच्या संग्रहालयात मी काचेला नाक लावून उभी राहिले. खापरांवर रेघा मारणाऱ्या हाताला ते काम कळतं. घाईही त्यांनी पुष्कळ केली. शेकडो टेकड्या उकरल्या आणि हाडांकडे फार पाहिलं नाही. म्हणून खणू नका, बाकी त्यांचं सगळं घ्या. ते संग्रहालयही सरकारने काढलेलं नाही. १८५३ मध्ये जिल्ह्यातल्या हौशी लोकांनी मंडळ स्थापन केलं, ते आजही तेच चालवतं.

सुरुवात रिठीपासूनच करा. विल्टशरला इंबर नावाचं गाव आहे. १९४३ च्या नोव्हेंबरात लष्कराने गावकऱ्यांना सांगितलं, ४७ दिवसांत घरं सोडा, अमेरिकन सैनिकांना सराव करायचाय. दीडशेच्या आसपास माणसं निघाली. परत यायला मिळेल या समजुतीने गेली, मिळालं नाही. आज तिथे चर्च उभं आहे आणि वर्षातले मोजके दिवस रस्ता उघडतात. पण कोण कुठल्या घरात राहत होतं हे लिहिलेलं आहे, कारण विचारायला माणसं होती. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखालच्या गावांची अशी वही कुणी केली असेल तर मला कळवा, मी मनापासून वाचीन.

तुमच्या रिठीचं बोलणारं कुणी उरलं नसेल, तरी कागद आहे. तहसिलीतून निस्तार पत्रक आणि अधिकार अभिलेखाच्या नकला घ्या. त्यात आखर, पांदण, मसणवट, तलाव, सगळं येतं. मग वावरांची नावं, म्हाताऱ्यांकडून, एकेक करून. ही नावं कागदात नसतात, आणि तुमच्या पिढीनंतर ती सांगणारं कुणी राहणार नाही. ओट्यावर जाऊन खापरं वेचायचा मोह होईल. फोटो काढा, तिथेच ठेवा.

प्रश्न : पावसाने नाल्याची दरड पडली आणि एक अख्खा माठ उघडा झाला, आत माती भरलेली आहे. एक जण मशीन घेऊन आला, म्हणतो धातू वाजतो, अर्धं अर्धं करू. मित्र म्हणतो इंग्लंडमध्ये सापडलं की आपलं. (यवतमाळ जिल्हा)

मित्राला चुकीचं माहीत आहे. तिकडे जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित जागेवर लेखी परवानगीशिवाय मशीन चालवणं गुन्हा आहे, आणि १९९६ च्या कायद्याने ३०० वर्षांहून जुनं सोन्याचांदीचं काही (सुटं एकटं नाणं सोडून) सापडलं तर १४ दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. संग्रहालयाने घेतलं तर किंमत ठरते आणि बहुधा शोधणारा व मालक यांच्यात वाटली जाते. ही सोय चांगली आहे, लोक लपवत नाहीत. आपला कायदा १८७८ चा आहे : दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही मातीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. न कळवता वाटून घेतलंत तर मशीनवाला पळेल आणि तुम्ही सापडाल.

तेव्हा त्याला आज नाही म्हणा. माठ उपसू नका, धुऊ तर मुळीच नका. आतली माती माठाइतकीच कामाची असते. शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून फोटो काढा, वर ताडपत्री टाकून कडेला दगड ठेवा, आणि तहसीलदारांना अर्ज देऊन पोच घ्या. पुढचा पाऊस यायच्या आत हे झालं पाहिजे.