घरबसल्या परदेशी पदवी: दाखवायची कुणाला?

प्रश्न : नमस्कार ताई. मी बरीच वर्षं एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते. मुलं लहान आहेत, त्यामुळे देश सोडून शिकायला जाणं शक्य नाही. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन मास्टर्स करावा असं मनात आहे. घरचे म्हणतात, ऑनलाइन पदवीला कोण विचारतंय? आणि एक एजंट मागे लागलाय की तुमच्या अनुभवावर सहा महिन्यांत परदेशी पदवी मिळवून देतो, परीक्षासुद्धा नाही. काय करू?

उत्तर : त्या एजंटचा फोन यापुढे उचलू नका. कामाचा अनुभव बघून एखाद्या विषयात सूट देणारी चांगली विद्यापीठं आहेत, पण अनुभवावर अख्खी पदवी कुणी देत असेल तर तो कागद विकतोय. ब्रिटनमध्ये पदवी देण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, त्याची यादी सरकारच प्रसिद्ध करतं. त्यात विद्यापीठाचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. नामांकित विद्यापीठाशी मिळतंजुळतं नाव घेणं हा या धंद्यातला जुना डाव आहे. 'आम्हाला अमक्या मंडळाची मान्यता आहे' यावरही जाऊ नका, ती मंडळंही बनावट निघतात.

आता घरच्यांचं म्हणणं. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या : अभ्यास कुठेही करा, परीक्षा आमची द्या. रॉबेन बेटावरच्या तुरुंगातून नेल्सन मंडेलांनी लंडन विद्यापीठाच्याच कायद्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं. (पदवी अखेर १९८९ साली दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची मिळाली. तीही दूरशिक्षणाने, आणि तेव्हाही ते कैदेतच होते.) मीही नोकरी सांभाळून लंडनचीच पदवी घेतली. तेव्हा अभ्यासाची पुस्तकं टपालाने यायची. 'ऑनलाइन म्हणजे दुय्यम' हे मला म्हणूनच पटत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या ऑनलाइन मास्टर्सच्या प्रमाणपत्रावर तर 'ऑनलाइन' हा शब्दही नसतो.

पण घरच्यांच्या शंकेत एक खरा प्रश्न आहे, आणि तो तुमच्या पत्रात कुठेच नाही. ही पदवी तुम्ही दाखवणार कुणाला? आहे त्याच कंपनीत बढती हवी असेल तर मनुष्यबळ विभागाला विद्यापीठ आणि अभ्यासक्रमाचं नाव लिहून विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. चहा पिताना साहेब 'हो हो, चालेल' म्हणाले, ते धरू नका. पुढे पीएचडी किंवा प्राध्यापकी करायची असेल तर परदेशी पदवीला समकक्षता, म्हणजे ती इथल्या पदवीच्या तोडीची असल्याची मान्यता, लागते, आणि प्रत्यक्ष वर्गात शिकून मिळवलेली पदवी व दूरशिक्षणाची पदवी यांत काही देश फरक करतात. हिशेब तपासून सही करण्याचा परवाना हवा असेल तर मास्टर्सने तो मिळत नाही. त्यासाठी व्यावसायिक संस्थेच्याच परीक्षा द्याव्या लागतात. आणि केवळ शिकायची हौस असेल तर कुणालाच विचारू नका, पण मग पूर्ण पदवीचे पैसे तरी का भरायचे? दोन-तीन विषय निवडून शिका.

पैशांपेक्षा मला तुमच्या वेळेची काळजी वाटते. ब्रिटनमधला मास्टर्स साधारण १८० क्रेडिटचा असतो आणि एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचा अभ्यास धरतात. झाले १८०० तास. दोन वर्षांत संपवायचं तर एकही आठवडा न चुकवता दर आठवड्याला सतरा तास, तीन वर्षांत साडेअकरा. तुमच्या कामात वर्षअखेरीला ताळेबंदाचे दिवस असतात, मुलांच्याही परीक्षा असतात. त्या आठवड्यांत शून्य तास होणार हे आत्ताच मान्य करून वेळापत्रक आखा. माहितीपत्रकात 'तुमच्या सोयीने शिका' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण निबंध देण्याची तारीख विद्यापीठाच्या सोयीची असते आणि घड्याळही त्यांचंच.

म्हणून एकेका विषयाची फी भरता येते का आणि मध्ये एखादं सत्र थांबता येतं का, एवढं आधी विचारा. दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर दुसरं विद्यापीठ बघा. परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर द्यायची की केंद्रावर जाऊन, तेही विचारून ठेवा. केंद्राची फी बहुधा वेगळी असते. आणि पहिल्या सत्रात एकच विषय घ्या. दोन घ्यायचा मोह होतो.

प्रश्न : घरी राहून ब्रिटनची ऑनलाइन पदवी घेतली, तर नंतर त्या जोरावर तिथे नोकरीचा व्हिसा मिळतो का?

उत्तर : शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणारा जो पदवीधर व्हिसा आहे, तो नाही मिळत. त्यासाठी विद्यार्थी व्हिसावर ब्रिटनमध्ये राहून शिकलेलं असावं लागतं. अमेरिकेतही शिक्षणानंतरची कामाची मुभा तिथे विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांनाच आहे. नोकरी देणारी कंपनीच तुमचा व्हिसा करणार असेल तर गोष्ट निराळी, पण ते तुमच्या कामावर ठरतं. जो कुणी अभ्यासक्रमासोबत व्हिसाचंही आमिष दाखवेल, त्याला पैसे देऊ नका.