वाचकांचे प्रश्न : सुपरचार्जरची पुली लहान करावी का?

प्रश्न : स. न. वि. वि. मी गेल्या वर्षी जॅग्वार एफ-टाइप ही ३ लिटर व्ही-६ सुपरचार्ज्ड इंजिनाची, ३८० अश्वशक्तीची वापरलेली गाडी घेतली. कागलच्या बाजूला हायवेवर सकाळी ती उत्तम पळते. परंतु उन्हाळ्यात दुपारी वैभववाडीहून करूळ घाट चढताना निम्म्या वाटेनंतर तिचा दम कमी झाल्यासारखा वाटतो. एका ट्यूनरने सुपरचार्जरची (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंपाची) पुली लहान करून आणि ईसीयू रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून, शंभर घोडे वाढवून देतो, असे सांगितले आहे. उद्यमनगरातील आमच्या ओळखीचे टर्नर पुली लेथवर काढून देण्यास तयार आहेत. हा खर्च करावा का?
— एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : घाटाचा उल्लेख आपण ओझरता केला आहे, पण उत्तर तिथूनच सुरू करावे लागते. उंचीवर हवा विरळ होते हे खरे. कोल्हापूरसुद्धा समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर असल्याने इथे हवेचा दाब कोकणापेक्षा पाच-सहा टक्के कमीच असतो. मात्र तेवढ्याने दम गेल्याचे जाणवत नाही. घाटमाथ्यावरील गगनबावड्याला पोहोचल्यावर काही किलोमीटर गाडी सावकाश चालवून पाहावी. उंची तीच असताना ताकद परत आली, तर दोष उष्णतेचा आहे असे समजावे, आणि माझा अंदाज तोच आहे.

आपल्या गाडीचा सुपरचार्जर रूट्स प्रकारचा आहे. क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरणारे त्याचे दोन रोटर दर फेऱ्याला सुमारे १.३ लिटर हवा इंजिनाकडे ढकलतात, आणि या दाबाखाली हवा तापते. बाहेर ३५ अंश तापमान असताना दाब १.८ पट केला आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर हवा सुमारे १२० अंशांवर जाते. दाब दुप्पट केला तर १४० अंशांच्या आसपास. ही हवा पाण्यावर चालणाऱ्या चार्ज कूलरमधून थंड होऊन सिलिंडरमध्ये जाते. घाटात एखाद्या ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना समोरच्या रेडिएटरला वारा मिळत नाही, कूलरचे पाणीच तापते, आणि मग नॉकिंग (इंधनाचे अवेळी, स्फोटासारखे जळणे) टाळण्यासाठी ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद घटते. आपल्याला जाणवलेली दमछाक बहुधा इंजिनाने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली काटकसर आहे. लहान पुली सुपरचार्जर अधिक वेगाने फिरवून नेमकी हीच उष्णता वाढवते.

पुलीचा हिशेब सोपा आहे. सुपरचार्जर क्रँकच्या अडीच पट वेगाने फिरतो असे उदाहरणादाखल धरले, तर ६,५०० आरपीएमला त्याचा वेग १६,२५० होतो. सुपरचार्जरवरची पुली दहा टक्के लहान केली की तोच वेग १८,००० च्या वर जातो. हवा वाढते, पण ती ढकलण्यासाठी सुपरचार्जर क्रँककडून जी शक्ती घेतो तीही वाढते. माझ्या ढोबळ गणिताप्रमाणे ती ३८ अश्वशक्तीवरून ५० च्या आसपास जाते. शिवाय लहान पुलीला पट्ट्याची मिठी कमी मिळते. पट्टा घसरू लागला की त्याची आतली बाजू काचेसारखी चकचकीत होते आणि आजूबाजूला काळी भुकटी दिसू लागते.

उद्यमनगरातील कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही; या शहराची यंत्रविद्या त्याच गल्ल्यांतून वाढली आहे. तरीही ही पुली म्हणजे पंपाची पुली नव्हे. पीके पट्ट्याच्या (आतून लांबट खाचा असलेल्या पट्ट्याच्या) खाचांमधील अंतर ३.५६ मिलिमीटर असते आणि ते अचूकच यावे लागते. शाफ्टवरील घट्ट बसणी शतांश मिलिमीटरात सांभाळावी लागते. आणि अठरा हजार फेऱ्यांना डायनॅमिक बॅलन्सिंग (फिरत्या पुलीच्या वजनाचा समतोल) केलेले नसेल, तर सुपरचार्जरची पुढची बेअरिंगे जातात. जुनी पुली हातोडीने ठोकून काढू देऊ नये, पुलर या ओढून काढणाऱ्या हत्यारानेच काढावी. तयार, बॅलन्स केलेली पुली विकत घेणे शेवटी स्वस्त पडते.

त्याआधी पैसे थंडाव्यावर खर्च करावेत. समोरचे रेडिएटर उतरवून त्यांच्या पातळ पात्यांत अडकलेली धूळ आणि किडे साफ करावेत. गळीत हंगामात आपल्याकडे रस्त्यावर उडणारे उसाचे पाचटही तिथे जाऊन बसते. चार्ज कूलरचा विजेचा पंप फिरतो का आणि त्या पाण्यात हवा अडकली आहे का, हे तपासावे. या इंजिनावरचे कूलंटचे प्लॅस्टिकचे पाइप वयोमानाने ठिसूळ होतात, आणि त्यांतील मागचा बदलायला सुपरचार्जर उतरवावा लागतो, म्हणून तो कोणत्याही कारणाने उतरला तर ते काम त्याच वेळी उरकावे. त्यानंतर स्कॅनर लावून त्याच घाटात इनटेक हवेचे तापमान आणि इग्निशन किती मागे जाते याची नोंद घ्यावी.

रीमॅपबद्दल माझे मत तितके प्रतिकूल नाही. कंपनीने हेच इंजिन ३४०, ३८० आणि ४०० अश्वशक्तीच्या रूपांत विकले आहे, त्यामुळे थोडी वाढ अशक्य नाही. मात्र मॅप ज्या पेट्रोलवर केला असेल, तेच प्रत्येक वेळी टाकीत पडले पाहिजे; १०० ऑक्टेनच्या (नॉकिंग अधिक रोखणाऱ्या) पेट्रोलवर केलेला मॅप घेऊन साध्या पेट्रोलवर जोर लावणे म्हणजे पिस्टन पणाला लावणे होय. टायर आणि ब्रेकचा दर्जा वाढलेल्या वेगाला पुरेल असा हवा, हे वेगळे सांगायला नको.

कायद्याकडेही दुर्लक्ष करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले आहे. नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे दावा अडकतो तो निराळाच.

शंभर घोड्यांचे आश्वासन देणाऱ्याकडे डायनोचे (गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्राचे) कामाआधीचे आणि नंतरचे आलेख मागावेत, तेही एकाच डायनोवरचे आणि सोबत इनटेक तापमान दाखवणारे. पहिल्या थंड फेरीचा आकडा सगळेच अभिमानाने दाखवतात. आपण मध्ये न थांबता केलेल्या तिसऱ्या फेरीचा मागावा.