पिजदुऱ्याचं शेण आणि तुझा प्रश्न

पोरी,

तुझा मेसेज चार दिवसांआधीच वाचला होता, पण उत्तर लांबणार हे दिसत होतं म्हणून थांबलो, आज सकाळपासून झड लागलीय, वावरात पाय ठेवता येत नाही, तर बसलोय लिहायला.

तू लिहिलंस की काका, सगळं तर शोधून झालंय, मोबाईलच्या नकाशावर आपल्या धुऱ्यावरचा कडुनिंबसुद्धा दिसतो, उरलंय ते वर आकाशात आणि तिथं जायला इस्रो नाहीतर नासा पाहिजे, मग खेड्यातल्या पोरीनं बीएस्सी करून शोधायचं तरी काय. बँकेच्या परीक्षा देते म्हणतेस. दे, पोटाचं पाहायलाच पाहिजे, त्याला माझी ना नाही. पण सगळं शोधून झालं म्हणून सोडते असं म्हणू नको, कारण ते खरं नाही.

आधी पिजदुऱ्याचं सांगतो. आपल्या वरोरा तालुक्यातलं गाव, पुस्तकांत त्याचं पिसदुरा झालं. तिथल्या वावरांत दगड झालेलं शेण सापडतं, डायनासोरच्या काळातलं, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, त्याला कॉप्रोलाइट म्हणतात. हे काही लपून नव्हतं बरं, 1939 मध्येच त्याच्यावर शास्त्रीय लेख छापून आला होता. म्हणजे नकाशावर जागा माहीत, वस्तू माहीत, वय माहीत, तुझ्या हिशोबानं शोधून झालं. आणि मग 2005 मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी त्याच शेणाचे तुकडे घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर आत गवत! ज्वारीच्या पानानं हात कापतो ना, त्याचं कारण पानात सिलिकाचे बारीक कण असतात, पान सडून जातं पण ते कण राहतात, फायटोलिथ म्हणतात त्यांना. ते कण त्या शेणात निघाले, त्यातले काही भात आणि बांबूच्या भाऊबंदांचे. तोवर जगभर असंच धरून चालले होते की डायनासोर गेले आणि मग गवत आलं. ते मत बदललं कशामुळं, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या वावरात पडलेल्या शेणामुळं, ज्याच्यावरून किती बैलजोड्या आणि किती माणसं चालून गेली असतील.

मला ही गोष्ट लय आवडते, दहा वेळा सांगितली असेल मी. त्या बाईंनी नवीन जागा शोधली नाही, जुन्याच वस्तूला नवीन प्रश्न विचारला. तुझ्याजवळ प्रश्न आहे का ते बघ, रॉकेट आहे का ते नको बघू.

आता पायाखालचं बघ. मी 32 वर्षं विहिरींची पातळी मोजली. आपल्याकडं 300 फुटांवर पाणी नाही लागलं की कास्तकार डोक्याला हात लावून बसतो. रशियात कोला म्हणून जागा आहे, तिथं 1970 ला एक भोक पाडायला घेतलं, 1989 पर्यंत 12,262 मीटर खाली गेले, म्हणजे 40 हजार फूट, आणि तिथं अडले कारण खाली 180 अंश तापमान निघालं, धरलं होतं त्याहून कितीतरी जास्त, खडक मऊ पडल्यागत वागायला लागला. आणि पृथ्वीचा मध्य? 6,371 किलोमीटर. संत्र्याला नख लागलं, एवढंच झालं, साल तर अजून फोडलीच नाही. मग आत काय आहे हे कळलं कसं, तर भूकंपाच्या लाटांवरून. डेन्मार्कची इंगे लेहमान म्हणून बाई होती, न्यूझीलंडमध्ये 1929 ला भूकंप झाला त्याच्या नोंदी ती कागदाच्या तुकड्यांवर लिहून ओट्सच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवायची, आणि त्यातून 1936 मध्ये तिनं दाखवलं की गाभ्याच्या आत अजून एक वेगळा गाभा आहे. खोकी आणि कागद, पोरी! आणि डोकं अर्थात.

समुद्राचं तर विचारूच नको, आपण समुद्रापासून एवढे लांब की तू अजून पाहिलाही नसशील. त्याच्या तळाचा धड नकाशा आत्ता कुठं पावभर झालाय. आणि माणसानं किंवा कॅमेऱ्यानं प्रत्यक्ष पाहिलेला खोल तळ किती, तर 2025 च्या एका अभ्यासात 0.001 टक्का निघाला. सगळा मिळून आपल्या वर्धा जिल्ह्यापेक्षाही कमी जागा.

आकाशाचं थोडक्यात सांगतो कारण ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चंद्रावर आजवर 12 माणसं चालली, शेवटची 1972 मध्ये. 1977 ला सुटलेलं व्हॉयेजर 1 नावाचं यान सगळ्यात लांब पोचलं, तरी उजेडाला तिथं जायला जवळपास एक दिवसच लागतो आणि सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याला चार वर्षांच्या वर. एकदा अमावस्येच्या आसपास पेंचला जाऊन ये, जानेवारी 2024 मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेली जागा, तिथं मान वर करून उभी राहा आणि मग मला मेसेज कर की सगळं शोधून झालं म्हणून.

आणि आता जे मला खरं सांगायचं होतं ते. रानपिंगळा नावाचं घुबड आहे, 1884 नंतर कोणा शास्त्रज्ञाला दिसलंच नाही, सगळे म्हणाले संपलं. मधे एका इंग्रज अधिकाऱ्यानं, माइनर्ट्झहागेन त्याचं नाव, 1914 मध्ये गुजरातेत आपल्याला मिळालं म्हणून नमुना दाखवला होता, तो निघाला म्युझियममधून चोरलेला जुना नमुना, त्याला खोटं लेबल लावलेलं. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईनं आणि तिच्या साथीदारांनी ती खोटी जागा सोडून दिली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून फिरले आणि 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ त्यांना ते दिवसाढवळ्या फांदीवर बसलेलं दिसलं. नंतर आपल्या मेळघाटातही सापडलं. 113 वर्षं ते तिथल्या कोरकू माणसाच्या डोक्यावर बसतच असेल ना, त्याला कोणी विचारलं नाही.

खोटं लेबल काय करतं ते मला माहीत आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, असाच पाऊस होता, एका विहिरीपर्यंत चिखलातून जायचं जीवावर आलं आणि मी टेप न सोडता मागचा आकडा पाहून अंदाजानं नवीन आकडा लिहिला. कोणालाच कळलं नाही. पण तो आकडा आजही त्या रजिस्टरमध्ये खरा म्हणून बसलाय, कोणी पोरगी उद्या त्यावरून हिशोब करेल तर ती चुकेल आणि तिला काऊन चुकलं ते कळणार नाही. हे मला अजून सलतं. म्हणून तुला एकच गोष्ट बजावून सांगतो, वही ठेव, जे पाहिलं ते, जिथं पाहिलं तिथलं, त्याच दिवशी लिही, आणि नाही पाहिलं तर जागा कोरी सोड. कोरी जागा भरायला पुढं कोणीतरी येतं, खोट्या आकड्यावरून मात्र सगळे पुढं निघून जातात.

दुसरं, पुढच्या वर्षी विषय निवडताना भूगर्भशास्त्र मिळत असेल तर घे आणि वनस्पतीशास्त्र सोडू नको, पिजदुऱ्याच्या शेणाला दोन्ही लागले. नागपूरला मातीच्या सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, माती आणि जमिनीच्या वापराचंच काम करते, तुमच्या सरांना म्हणा एक दिवस भेटीचं बघा. लोणारचं वाच. उल्का पडून झालेल्या त्या खड्ड्याचं वय एका पद्धतीनं 50 हजार वर्षांच्या आसपास येतं आणि दुसरीनं 5 लाख 70 हजार, इतका फरक, आणि तो खड्डा बुलढाण्यात आहे, चंद्रावर नाही.

दिवाळीला येशील तेव्हा कापूस वेचायची घाई असेल, तरी एक दिवस काढू आणि पिजदुऱ्याला जाऊ. ज्याचं वावर आहे त्याला आधी विचारून घेईन मी. उचलून घरी काही आणायचं नाही, जागेवरून हलला की त्या दगडाची अर्धी माहिती गेली. पट्टी आण, वही आण, आणि फोटो काढताना बाजूला पट्टी ठेवायची हे आत्ताच लक्षात ठेव.

तुझा काका