दात नीट घासायला सुरुवात करताय? आधी एवढंच सांभाळा

जीभ फिरवल्यावर दातांवर जो बुळबुळीत थर लागतो, तो जिवाणूंचा. घासल्यावर काही तासांतच पुन्हा धरू लागतो. नुसत्या चुळा भरून जात नाही, ब्रशनं खरवडावाच लागतो. राहिला तर लाळेतल्या कॅल्शियमनं दगडासारखा कडक होतो, मग तो डॉक्टरांकडेच काढावा लागतो.

म्हणून सुरुवातीला एकच गोष्ट जमवा: हिरडी आणि दात जिथं मिळतात ती रेघ. मऊ ब्रश तिथं तिरका, ४५ अंशांत टेकवा आणि जागच्या जागी हलके हलवा. दोन-दोन दात घेत पुढं सरका. पूर्ण २ मिनिटं, दिवसातून २ वेळा. त्यातली रात्रीची वेळ अजिबात चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. शेवटी फेस थुंका, लगेच चूळ भरू नका.

नेहमीच्या चुका:
- जोर लावणं. हिरड्या मागं सरकतात, दात झिजतात.
- रक्त दिसलं की ब्रश थांबवणं. बहुतेक वेळा ते साचलेल्या थरामुळंच येतं, तिथं हलक्या हातानं घासत राहा. २ आठवड्यांत थांबलं नाही तर दाखवा.
- मिश्री. आपल्या सोलापुरात बऱ्याच बायका लावतात, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. कृपा करून सोडा.

शेंगाचटणी-भाकरीनंतर फटीत कण अडकतातच. तिथं टाचणी नको, फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा) वापरा. बाकीचं पुढं बघू.