पहिला अल्बम, तोही सदतिसाव्या वर्षी

प्रश्न : परवा अमेरिकन कंट्री गायक क्रिस स्टेपलटनचं 'टेनेसी व्हिस्की' ऐकलं आणि तेव्हापासून तेच लूपवर चालू आहे. ते त्याच्या पहिल्याच अल्बममधलं आहे म्हणे, पण आवाज काही नवख्याचा वाटत नाही. हा माणूस आधी होता कुठे? आणि बाकीचा अल्बम ऐकावा का?

उत्तर : अहो ऐकाच, आणि मध्ये न थांबता ऐका. तुमच्या कानाने बरोबर पकडलंय, नवखा नाहीच तो. हा पहिला अल्बम 'ट्रॅव्हलर' आला मे २०१५ मध्ये तेव्हा क्रिस ३७ वर्षांचा होता. केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराचा हा मुलगा १९९६ मध्ये नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या माहेरघरी, इंजिनिअरिंग शिकायला आला, ते सोडून दिलं आणि २००१ मध्ये तिथे परत येऊन गाणी लिहायला लागला, म्हणजे दुसऱ्यांसाठी. केनी चेस्नी, जॉश टर्नर, ल्यूक ब्रायन या कंट्री गायकांची हिट गाणी लिहिली, मध्ये एका ब्लूग्रास (बँजो-फिडलवरचं जुन्या वळणाचं कंट्री) बँडमध्ये गायला, आणि स्वतःच्या नावाचा अल्बम मात्र इतक्या उशिरा.

२०१३ मध्ये वडील गेले. त्यानंतर तो आणि बायको मॉर्गेन फीनिक्सला गेले, तिथून एक जुनी १९७९ ची जीप घेतली आणि ती चालवत नॅशव्हिलला परत आले, आणि अल्बमचं टायटल साँग त्याच प्रवासात सुचलं. ते ऐकताना मागे मॉर्गेनचा आवाज येतो तिकडे लक्ष द्या, तो वेगळा उठून दिसत नाही पण काढून टाकला तर गाणं उघडं पडेल असं मला दरवेळी वाटतं.

'टेनेसी व्हिस्की' मात्र त्याचं स्वतःचं नाही हं. डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह यांचं हे गाणं, आधी डेव्हिड अॅलन कोने गायलेलं आणि १९८३ मध्ये जॉर्ज जोन्सने गाजवलेलं. क्रिसने ते संथ, ब्लूजच्या अंगाने घेतलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनच्या सोहळ्यात त्याने हेच गाणं पॉप गायक जस्टिन टिम्बरलेकसोबत गायलं, त्याच रात्री तीन अवॉर्ड्स मिळाली, आणि चार्टवरून केव्हाच खाली गेलेला अल्बम थेट १ नंबरवर परत आला!

पण मला विचाराल तर अल्बममधलं सगळ्यात जड गाणं 'डॅडी डझन्ट प्रे एनिमोर'. नुसती गिटार आणि आवाज असल्यासारखं साधं. वडील आता प्रार्थना करत नाहीत असं मुलगा सांगतो, आपल्याला वाटतं देवावरचा विश्वास उडाला असेल, आणि शेवटच्या कडव्यात कळतं की चर्चमध्ये वडिलांचं आवडतं गाणं चाललंय आणि ते गात नाहीयेत, कारण आज त्यांचा दफनविधी आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुढचं गाणं लावायला बराच वेळ गेला.