तलवार न उपसणारा सामुराई आणि मध्येच घुसलेला हमाल

प्रश्न: कुरोसावाचा 'द मेन हू ट्रेड ऑन द टायगर्स टेल' हा जपानी सिनेमा बघितला, जेमतेम तासाभराचा आहे. पण नाटकच बघतोय असं वाटलं, सामुराई असून मारामारी नाही. आणि तो सारखी तोंडं वेडीवाकडी करणारा हमाल कशाला? त्याच्यावरून घरात वाद झाला. - एक वाचक, पेडणे

उत्तर: नाटक वाटलं कारण ते नाटकच आहे हो. आधी 'आताका' नावाचं नोह नाटक (नोह म्हणजे जपानचा जुना, संथ नाट्यप्रकार), त्यावरून १८४० मध्ये काबुकीत, म्हणजे तिथल्या भडक, लोकप्रिय रंगभूमीवर, 'कांजिंचो' आलं आणि १९४५ मध्ये, युद्धाच्या शेवटच्या ओढाताणीत, कुरोसावानं त्याचाच सिनेमा केला. भावापासून जीव वाचवून पळणारा सरदार योशित्सुने हमालाच्या आणि त्याची माणसं साधूंच्या वेशात नाक्यावर येतात, त्याचा इमानी साथीदार बेंकेई सांगतो की आम्ही तोदाइजी देवळासाठी देणग्या गोळा करतोय, तर नाक्यावरचा अधिकारी तोगाशी म्हणतो मग देणगीपत्र वाचून दाखव. पत्र कुठाय! बेंकेई कोरी गुंडाळी उघडतो आणि जड जड भाषेत धडाधड वाचत सुटतो. तुम्ही पेडण्याचे, दशावतारात नट उभ्या उभ्या संवाद रचतो ते लहानपणापासून बघितलेलं असणार, इथं फक्त चुकला तर मुंडकं जाणार एवढाच फरक. मला तरी ही मारामारीच वाटते.

आता हमाल. तो मूळ नाटकात नाहीच, कुरोसावानं घातलाय, आणि काम केलंय एनोकेन या तेव्हाच्या तुफान लोकप्रिय विनोदी नटानं. बाकी सगळे चेहरा दगडासारखा ठेवून बसलेले, त्यांना भीती दाखवायची सोय नाही, मग ती दिसणार कुठं? हमालाच्या तोंडावर. संशय जावा म्हणून बेंकेई हमालाच्या वेशातल्या आपल्याच मालकाला काठीनं बडवतो, तेव्हा कळवळून मध्ये पडतो तो हा खरा हमाल. नाटकात हे काम प्रेक्षकांनी मनात करायचं असतं. एनोकेन कधीकधी अती करतो, ते मान्य.

युद्धानंतर अमेरिकन राजवटीत सरंजामी निष्ठेच्या गोष्टी चालत नव्हत्या, त्यामुळे सिनेमा थिएटरात लागला तो थेट १९५२ मध्ये.

घरच्या वादात माझं मत हमालाच्या पार्टीला. शेवटी तो उड्या मारत जातो ना, ती काबुकीतल्या बेंकेईच्या एक्झिटची नक्कल आहे, तेव्हा 'कांजिंचो'चं रेकॉर्डिंग मिळालं तर त्याचा शेवट आधी बघा आणि मग हा सिनेमा परत लावा.